सासू सोबत सून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कारखान्याच्या संगणकातली ती ओळ बिघडली नव्हती. ती मी पुसली होती.

ऊसतोडीला आलेल्यांना राहायला कोपी, म्हणजे झोपडी, उभारण्यासाठी बांबू आणि चटया मिळतात. कुणाला द्यायच्या, ते ठरवणारा प्रोग्राम माझा. ज्या भाषेत तो लिहिला तिची एक खुबी होती. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत वाक्यांचे साचे ठरलेले असतात, आपण त्यात शब्द भरायचे. हिच्यात वापरणाऱ्याला नवा साचाच घडवता यायचा. मी कधी घडवला नव्हता. पती, पत्नी असे दोन रकाने केले. दोन्ही भरले तरच कोपी.

माझ्या हाताखाली शिरूर कासारची एक बाई होती. आई-बाप फडात राबलेले. नियम वाचून ती हसली.

"सर, कोयता म्हंजी नवरा-बायकोच, असं कुणी सांगितलं तुमाला? माजी आई आन आजी चार वर्सं एक कोयता व्हत्या."

कोयता म्हणजे जोडीनं ऊस तोडणारी दोन माणसं. इतकं मला ठाऊक होतं. पुढचं मी कधी विचारलंच नव्हतं.

तिनं भाषेला नवा साचा शिकवला. मग नियम असा लिहिता येऊ लागला : 'कोयता : सासू सोबत सून. कोपी एक.' मुकादमानं पडद्यावर बोट फिरवत तो मोठ्यानं वाचला. "आरं, हे तर आमचंच बोलनं हाय! सर, इतके दिस तुमी काय लिवत व्हता, मंतर?"

सगळे हसले. मला ते फार लागलं. मुकादमालाच वाचता आलं, तर मी कशाला हवा? ती रजेवर असताना मी तो साचा आणि ती ओळ पुसून टाकली. साहेबांना सांगितलं, तिच्या ओळीमुळे बिघाड होतोय.

त्या हंगामात कोपी न मिळालेल्या एक सासू-सून बैलगाडीला ताडपत्री बांधून राहिल्या.

"सर, माजं कुटं चुकलं?" रजेवरून आल्यावर शिरूर कासारच्या त्या बाईनं विचारलं. "बघतो," म्हणालो. पुढच्या वर्षी ती कामावर आली नाही.

यंदा जुन्या प्रतीतून तो साचा मी परत आणला. परवा मुकादमानं माझ्यासमोर दोन बोटांनी टाइप केलं : 'कोयता : बहीण सोबत बहीण. कोपी एक.' मी हात लावला नाही. पहिल्या झटक्यात चाललं. दुपारी त्या दोघी बहिणी बांबू घेऊन गेल्या.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. शिरूर कासारला जाऊन हे तिला सांगणं अजून बाकी आहे.