हूं नको म्हणू

दापोऱ्याला, माझ्या माहेरी, शेतात तण निंदताना आई गोष्ट सांगायची. ती पुढच्या ओळीत, आम्ही मागे, मधे केळीची पानं. कोणाचं तोंड कोणाला दिसायचं नाही, म्हणून मागून कोणीतरी हूं म्हणत राहायचं. हूं थांबलं की आई गोष्ट थांबवायची आणि विचारायची, “मेले का सगळे?” मला चारचौघांत बोलायला कधीच जमलं नाही, पण हूं म्हणण्यात माझा हात कोणी धरला नसता.

लग्न होऊन शहरातल्या बुधवाऱ्यात आले. खाली ह्यांचं कापडाचं दुकान, वर घर. मुलगी शाळेत जायला लागली तशी धडे मोठ्यानं वाचायची आणि मी पोळ्या करता करता हूं म्हणायचे. माझी शाळा चौथीत सुटलेली. ती पाचवीत गेली तेव्हापासून मला न समजणारंच वाचत होती, पण त्यानं काही अडलं नाही. मी हूं म्हटलं नाही तर तिचं पाठ व्हायचं नाही. बी.ए.पर्यंत असंच चाललं.

मग तिला इंग्लंडला एम.ए. करायला शिष्यवृत्ती मिळाली. विषय आंतरराष्ट्रीय धोरण आणि विकास. त्या दिवसांत बाजारात बाहेरदेशचा माल नुकताच दिसायला लागला होता. हे गिऱ्हाइकांना सांगायचे, “तिकडचा माल इकडे आला, आमची पोरगी तिकडे गेली.” विषय कोणी विचारला की मात्र अडखळायचे. जायच्या आधी मी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, “गरीब देश गरीब का राहतात, आणि काय केलं तर राहणार नाहीत, ते शिकायचं.”

मोठ्या जाऊबाई तिथंच भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “गरिबी शिकायला एवढ्या लांब? गरिबीच बघायची तर देडतलाईची बस रोज सुटते की.”

सगळे हसले, मुलगीही हसली. शिकून परत येईन, आपल्याच भागात काम करीन, असं ती मला म्हणाली होती. मला तेवढंच हवं होतं.

फोन दुकानात होता. रविवारी दुकान बंद असलं की दुपारी तिचा फोन यायचा. हे चार शब्द बोलून रिसीव्हर माझ्याकडे द्यायचे. ती आठवड्याचं वाचलेलं सांगायची, धरणं, मोठ्या बँका, देशादेशांचे करार, आणि माझं हूं, हूं.

“ऐकून राह्यली ना?”

“हूं.”

तेवढ्यानं तिला बरं वाटायचं.

हिवाळ्यात तिचं सांगणं आखडलं. एका रविवारी म्हणाली, “आई, इथं वर्गात बोलायचे मार्क असतात. गोल बसतात, एकमेकांना तोडून बोलतात. मला मधे घुसता येत नाही.”

“हूं.”

“परवा सर बोलत होते आणि मी हूं म्हणत होती. मला कळलंपण नाही. त्यांनी थांबून विचारलं, तुला काही बोलायचं आहे का? मी नाही म्हटलं. ते परत बोलायला लागले, माझं परत हूं. सगळे हसले. आता मी वर्गात गेली की एक जण मुद्दाम हूं करतो.”

“हूं,” मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, “आई, हूं नको म्हणू.”

फोन ठेवून मी जिन्यात बसून राहिले. तिचे नाकडोळे ह्यांचे, हुशारी कोणाची कोण जाणे. माझी गप्प बसायची सवय तेवढी तिच्याबरोबर समुद्रापार गेली होती.

पुढच्या रविवारपासून मी हूं म्हणणं सोडलं. त्याच्या जागी काय म्हणायचं ते सुचायचं नाही. जेवली का, थंडी आहे का, एवढं विचारून व्हायचं, मग नुसती तारेतली खरखर. शिकण्याचं ती काढेना. ह्यांना मात्र सगळं ठीक आहे म्हणायची.

उन्हाळा लागताना एकदा तिनं विचारलं, “पप्पा जवळ आहेत?”

हे मागे गठ्ठे लावत होते. मी नाही म्हटलं.

“मी कितीतरी दिवस वर्गात गेलीच नाही. सोडून देऊ का सगळं?”

माझ्या मनात होतं, सोडू नको. हेही होतं, सोड आणि घरी ये. सवयीनं हूं ओठांवर आलं, ते मी दाताखाली धरलं. तिनं नको म्हटलं होतं, आणि मी हूं म्हटलं असतं तर तिला ते हो वाटलं असतं. मी मान हलवत राहिले. फोनवर मान हलवून काय होतं.

“आई? आहेस ना?”

मी मान हलवली.

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिनं शिक्षण सोडलं. परतही आली नाही. अर्धवट राहून कोणत्या तोंडानं येऊ, असं तिनं ह्यांना सांगितलं. तिकडेच कुठल्याशा दुकानात माल विकायला उभी राहते. हे गिऱ्हाइकांना अजून सांगतात, शिकून राह्यली. जाऊबाई आता देडतलाईचं नाव काढत नाहीत, तेच मनाला जास्त लागतं. फोन सणावाराला येतो. ह्यांच्याशी बोलून झालं की रिसीव्हर माझ्याकडे येतो, आणि आम्ही दोघी गप्प असतो. ती आहे हे मला तिच्या श्वासावरून कळतं. मी आहे हे तिला कशावरून कळत असेल, मला माहीत नाही.