तीन भावांच्या तीन पत्रिका

ते प्रकरण आठवलं की मला अजून हसू येतं. त्या सकाळी मात्र लाठ्या निघायच्याच बाकी होत्या.

कॉम्प्युटरवरची छपाई खानदेशात नवी होती. नरडाण्याजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका गावचे चार भाऊ तक्रार घेऊन आले. धाकट्याच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं. थोरल्यांच्या हातात दोन पत्रिका होत्या. एकीत निमंत्रक म्हणून त्यांचं नाव पहिलं, तर दुसरीत तिसरं.

"कोणीतरी बनावट पत्रिका छापून माझी इज्जत घालवली. गुन्हा नोंदवा."

दुसरा म्हणाला, "बनावट ती तुमची."

मी अदखलपात्र नोंद घेतली आणि घरोघर पत्रिका वाटणाऱ्या न्हाव्याला बोलावलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, पत्रिका दोन नही, तीन शेतस. कोनले कोनती देवानी, हाई माले सांगेल व्हतं."

"कोणी सांगितलं?"

तो पत्रिकेवरच्या छापखान्याच्या नावावर बोट ठेवून मागे सरकला.

मग धुळ्याहून छापखानावाल्याला आणलं. चौकशीत तो सरळ बोलला. "साहेब, मजकूर कॉम्प्युटरवर एकदाच जुळवला. एक प्रत काढली की नावं खाली-वर करायची आणि पुढची काढायची. गिऱ्हाइकानं सांगितलं तसं केलं."

"मग यातली खरी कोणती?" थोरल्यांनी विचारलं.

"सगळ्याच खऱ्या, आबा."

गिऱ्हाईक कोण, हे विचारावं लागलं नाही. भावांच्या मागे उभा असलेला मुलीचा बाप पुढे आला. "मीच छापल्या. ज्याचं नाव खाली जाईल तो मांडवात येणार नाही. काकांशिवाय पोरीला कशी उजवू?"

न्हाव्याकडून तिसरी घेऊन मी तिन्ही पत्रिका टेबलावर ओळीनं मांडल्या. थोरल्यांनी चष्मा लावून त्या पुन्हा वाचल्या.

"तुझं नाव तिन्हीत शेवटी?"

"ते कुठंही चाललं असतं, भाऊ."

थोरले छापखानावाल्याकडे वळले. "आणखी एक काढ. याचं नाव वर. पोरीचा बाप आहे तो."

"आणि दुसरं कोणाचं?" मधल्यानं लगेच विचारलं. आमचा हवालदार तोंड लपवून बाहेर गेला.

गुन्हा झालाच नव्हता. कागद दप्तरी दाखल केले. लग्नाला तिघेही काका हजर होते, आपापली पत्रिका खिशात घेऊन.

गुन्ह्यात फायदा कोणाचा ते आधी बघा, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या दिवसापासून, मुकाट्यानं मागे कोण उभं आहे, तेही मी बघू लागलो.