गटप्रमुखांचे पांढरे बूट

दुष्काळातल्या एका रविवारी, शेंद्र्याच्या पुढच्या एका वाडीत, आमच्या चालण्याच्या गटाच्या प्रमुखांनी टँकरच्या पाण्याने आपले पांढरे बूट धुतले. दर रविवारी ते आम्हाला शहराबाहेर नेत. वाटेत कुणी बोलले, की बोट वर करून म्हणत, "शांतता. माती काय म्हणते ते ऐका."

त्या दिवशी त्यांनी एका घरासमोरच्या ड्रमात तांब्या बुडवला. घरातली बाई बाहेर आली.

"पाव्हणं, प्यायचं पाणी हाय ते. टँकर आता गुरुवारी येणार."

"दोनच तांबे घेतो, मावशी. धूळ लई हो तुमच्याकडं," प्रमुख खास गावरान सुरात म्हणाले.

बाईने बुटांखाली घमेले सरकवले. त्यात साचलेले पाणी तिने शेळीपुढे ठेवले.

प्रमुखांनी पाणी पिणाऱ्या शेळीचा फोटो काढून गटावर टाकला.