आयोडिनची जागा

कुणी पटकन उत्तर ठोकलं की सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि म्हणायचे, "जरा दम धर की. त्यांना लई वर्षं लागली, तुला दोन मिनिटं?" 'ते' म्हणजे जगातले शास्त्रज्ञ. सर त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसांसारखं बोलायचे.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, सर केमिस्ट्री. मूळचे उदगीरचे. कुणाकडे लग्न झालं की उरलेल्या पत्रिका मागून आणायचे. त्या कापून पत्ते करायचे, कोऱ्या बाजूवर एकेका मूलद्रव्याचं वजन आणि गुण लिहायचे, आणि मुलांना सांगायचे, लावा आता.

मुलं आधी तीन-तीनचे गट करत, मग आठ-आठच्या ओळी. सर खूश व्हायचे. शास्त्रज्ञही असेच चाचपडले होते, आठाचा मेळ सांगणाऱ्याला तर लोक हसले होते. पुढे एका रशियन माणसाने ओळींत चक्क मोकळ्या जागा सोडल्या. म्हणून सरही दोन-तीन पत्ते खिशात ठेवत. मुलं ओरडत, पत्ता हरवला.

"हरवला न्हाई," सर म्हणायचे, "अजून सापडला न्हाई."

तुम्हीही माझ्यासारखे दारात उभे राहून ऐकत राहिला असता. संचालक मात्र वैतागले होते. या धड्याला दोन तास ठरलेले, सरांचे पाच झाले. सहाव्यात संपला नाही तर बॅच दुसऱ्याला देईन, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

त्या तासाला ते स्वतः मागच्या बाकावर बसले. हदगावची एक मुलगी उभी राहिली. आयोडिन टेल्युरियमपेक्षा हलकं आहे, मग तक्त्यात ते नंतर कसं?

सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर धडा संपला असता. आपण सगळ्यांनी तेच केलं असतं.

"इथं तेबी चाळीसेक वर्षं अडले होते," सर म्हणाले. "उद्यापर्यंत शोध. मग मला सांग."

बाहेर येऊन संचालकांनी मला विचारलं, हे शिकवतात कसे? मी म्हणालो, चांगलं, पण हळू. खोटं नव्हतं ते. तरी त्या 'पण'ची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्यांना फोनवरच कळवलं होतं. नव्या शिक्षकांनी तक्ता पाठ करायची युक्ती फळ्यावर लिहून दिली.

मधल्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडे आली. मी लगेच सांगू लागलो, की क्रम वजनाचा नसतो, केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा असतो.

"ते मला सापडलं, सर," ती म्हणाली. "त्यांना सांगायचं व्हतं."