आहेराच्या साड्यांचं ॲप

"पर ह्यात येगळं काय हाय, सर?" असं म्हणत ती मोबाईलच्या काचेवर नखानं टकटक करायची. भोरच्या कॉलेजात निवृत्तीनंतरही मी डिझाइनच्या मुलांना चित्रकला शिकवायला जायचो. सगळा वर्ग बाकावर, आणि वेल्ह्याच्या डोंगरातली, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातली ही पोरगी खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारतेय. बघणाऱ्याचेच पाय दुखायचे.

त्या वर्षी कपड्यांच्या ॲपचं डिझाइन करायचं होतं. त्यातलं एक पुण्याच्या स्पर्धेला जाणार होतं. बाकीच्यांनी उंच गोरी मुलगी काढली, खाली किंमत, कोपऱ्यात सवलत. हिनं काढलं आहेराच्या साड्यांचं ॲप. लग्नात आलेली साडी आपल्याकडे कोण नेसतं, तुम्हीच सांगा. घडी न मोडता ती पुढच्या लग्नात आहेर म्हणून जाते. हिच्या चुलतीनं कामथडीच्या विहिणीला त्या विहिणीनंच दिलेली साडी परत नेसवली आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. या ॲपवर साडीचा फोटो टाकला की ती कुणाकडून आली याची नोंद राहणार, आणि त्याच घरी निघाली तर आधीच इशारा मिळणार. आवडली तर बायका आपसात बदलून नेसणार. फोटोत तिच्याच वस्तीतल्या बायका होत्या. एकीच्या काखेत करडू.

"पेटीत घडी घालून ठेवली तर कसली फॅशन?" ती म्हणायची.

मी हसलो. स्पर्धेला तुझंच पाठवतो, पण परीक्षक शहरातले आहेत, ही नोंदबिंद आणि या बायका काढ, नीट मॉडेल घाल, म्हणालो. ती भांडली. मग मी गुणांची आठवण करून दिली. एका नावाजलेल्या ॲपवरचे फोटो मीच निवडून दिले. नोंद गेली, इशारा गेला, करडूही गेलं.

पुण्यात परीक्षकांनी पाहताक्षणी विचारलं, ही नक्कल कुणाच्या सांगण्यावरून केली? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

"कुणाच्या न्हाई. म्याच केली," ती म्हणाली.

भोरमध्ये ती कॉपीवाली झाली. कॉलेजात तो विषय निघाला की मीही मान डोलवायचो. पुढच्या सत्राला ती आलीच नाही.

परवा, उशिरानं का होईना, तिच्या वस्तीवर गेलो. आई शेळ्यांना पाणी दाखवत होती. "तुमीच व्हय ते सर? लई नाव काढायची तुमचं," म्हणाली. तिच्यापुढे मला सगळं बोलवेना. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे शिलाईच्या मशिनींचा गलका. पोरगी पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. मी एका दमात सगळं कबूल केलं.



"सर, हे मला म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाई, त्यांना सांगा."

आणि मशीन थांबवता येत नाही म्हणून तिनं फोन ठेवला.

तर भोरकरांनो, ते फोटो मी निवडले होते. तिचं ॲप वेगळं होतं.