पोयीचं सूप

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही, जिच्यापासून मी आयुष्यात काही लपवलं नाही असं आम्ही दोघी समजतो. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण शुक्रवारी आई येताहेत, माझ्या सासूबाई, आणि मला भीती वाटतेय. साधी भीती नाही. सकाळी उठल्या उठल्या शुक्रवारला किती दिवस राहिले ते मोजते, तशी.

आत्ता गॅसवर सूप आहे. आमच्या घरात कुणाला सर्दी झाली, कुणाचं काही बिनसलं, की हेच सूप होतं. कांदा-लसूण परतायचा, त्यात जिरेपूड, भिजवून वाटलेली सुकी लाल मिरची, टोमॅटो. मग काळा राजमा, मक्याचे दाणे, आणि भरपूर पाणी घालून उकळत ठेवायचं. वाढताना वरून कोथिंबीर, लिंबू, आणि मक्याच्या टॉर्टियाच्या तळलेल्या पट्ट्या. टॉर्टिया म्हणजे पोळीच की. पट्ट्या अर्ध्या मऊ, अर्ध्या कुरकुरीत असताना खायचं. नितीन त्याला आईचं सूप म्हणतो. मी पळी हलवत राहते.

आम्ही चँडलरला राहतो, ॲरिझोनात. नितीन चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. पाच वर्षांपूर्वी माझे सासरे गेले आणि तीन महिन्यांनी नितीन आईंना इकडे घेऊन आला. आई अकोल्याकडच्या. माळकरी. लग्नाच्या आधीपासून गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा केकसुद्धा कधी तोंडात घातला नाही. माझ्याशी शुद्ध बोलायच्या, पण मन भरून आलं की वऱ्हाडी व्हायच्या.

आल्या तेव्हा त्या जेवतच नव्हत्या. ताटावर बसायच्या, दोन घास घ्यायच्या, की झालं. मी काय नाही केलं? भाकरी, पिठलं, वरणफळं, त्यांच्या पद्धतीची झणझणीत आमटी. त्या म्हणायच्या, छान झालंय, आणि ताट सरकवायच्या. त्यांच्या ब्लाउजचे खांदे उतरायला लागले. अकोल्याहून नणंदेचे फोन यायचे, आई वाळल्यासारखी दिसते गं व्हिडिओवर. त्या वाक्यात माझ्यासाठी काय होतं ते मला बरोबर कळायचं. बाई सुनेच्या घरी उपाशी राहतेय — दुसरं काय?

शेजारी लूपे राहते. मूळची मेक्सिकोची, आईंच्याच वयाची, तीही विधवा. तिला इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द येतात, आईंना त्याहून कमी. तरी महिन्याभरात दोघी रोज सकाळी ऊन तापायच्या आत फिरायला जायला लागल्या. आई तिला लुपाबाई म्हणायच्या. काय बोलत असतील दोघी? मी खिडकीतून बघायची. एक वऱ्हाडीत बोलतेय, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि दोघी माना डोलावताहेत. एकदा आईंनी तिला दोन घरांमधल्या भिंतीपाशी उभं करून माळ दाखवली, हाताने कोंबडीचे पंख करून दाखवले आणि कानाला हात लावले. लूपेने पटकन मान हलवली. तिला समजलं होतं. हे लक्षात ठेवा. मलाही ते विसरता आलेलं नाही.

मग एका दुपारी लूपे पातेलं घेऊन आली. हेच सूप. टॉर्टियाच्या पट्ट्या वेगळ्या कागदी पिशवीत. मटणाचा, चिकनचा एक तुकडा त्यात नव्हता, आईंसाठी तिने मुद्दाम तसं केलं होतं. मी ओट्यापाशी उभी, आई टेबलाशी वाटी पुढे घेऊन. लूपेने माझा दंड धरला, पातेल्याकडे बोट दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोयो. सोलो काल्दो. ओके?"

पोयो म्हणजे चिकन. ॲरिझोनात राहणाऱ्या माणसाला स्पॅनिश येवो न येवो, हा शब्द येतोच, प्रत्येक खाण्याच्या गाडीवर लिहिलेला असतो. ती मला सांगत होती की तुकडे नाहीत, पण पाणी चिकनचं आहे, चालेल ना? तिने मला विचारलं होतं.

आणि आई हसल्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा. त्यांच्याकडे गावात ळ चा य होतो ना — काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया, आणि पोळी म्हणजे पोयी. त्या वाटीतली पट्टी उचलून म्हणाल्या, "अवं, हे त आपल्यासारखीच पोयी म्हन्ते!"

लूपेला काही कळलं नाही, पण आई हसल्या म्हणून तीही हसली. माझा दंड तिने अजून धरलेला होता. मी तिला म्हणाले, "ओके."

आई दोन वाट्या सूप प्यायल्या. पट्ट्या बोटांनी शोधून शोधून खाल्ल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? एकदा घडून गेलं, सांगायला जीभ रेटली नाही, होतं असं. पण एकदाच नव्हतं ते. दोन दिवसांनी मी ते सूप घरी केलं, भाज्यांच्या पाण्यात, पूर्ण शाकाहारी. आईंनी चार चमचे घेतले आणि वाटी सरकवली. लुपाबाईसारखं नाही झालं, म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून येताना मेक्सिकन दुकानात गेले आणि चिकनच्या अर्काची पिवळी पूड घेतली. डब्यावर कोंबडीचं ठसठशीत चित्र. तो डबा गॅरेजमध्ये नितीनच्या ड्रिलच्या पेटीमागे लपवला. थोडी पूड घरात आणायची होती. कशात ठेवणार? आईंनी आणलेल्या मेतकुटाची बरणी रिकामी झाली होती. तीच धुतली. रंगसुद्धा तसाच पिवळा. एका पातेल्याला दोन चमचे.

तीन महिने. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आईंचे गाल भरले. त्या फोनवर सगळ्यांना सांगायला लागल्या, आमच्या मृणालच्या हाताला काय चव आहे. नणंदेने मला रेसिपी मागितली. मी दिली, बरणीतली पूड सोडून. आईंच्या जिवासाठी केलं असं म्हणायला मला किती आवडेल. पण खोटं कशाला बोलू? मला ते कौतुक आवडत होतं. पंधरा वर्षांच्या संसारात सासरच्या कुणी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं, तसं चांगलंही म्हटलं नव्हतं.

आणि भीती तेव्हापासूनची. आई ओट्यापाशी आल्या की माझं लक्ष बरणीकडे जायचं. लूपे भिंतीपाशी उभी राहून त्यांच्याशी बोलायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून मध्ये जायची, कपडे वाळलेत का बघायला, कचरा टाकायला. मग स्वतःलाच समजवायची — दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, काही उघडं पडणार नाही. इतकी वाईट गोष्ट मी धीर म्हणून वापरत होते.

उघडं पडलं ते मेतकुटामुळे. एका शनिवारी मी बाहेर गेले होते. आईंना मऊभात खावासा वाटला. त्यांनी बरणी बघितली, मृणालने नवीन मेतकूट आणलेलं दिसतंय म्हणाल्या असतील. भातावर तूप घातलं, वरून चांगलं दोन चमचे भुरभुरवलं. पहिला घास तोंडात, आणि ती सुपाची चव. त्यांनी ईराला विचारलं, माझ्या मुलीला, तेव्हा ती आठ वर्षांची. तिने मला गॅरेजमध्ये बरणी भरताना पाहिलेलं होतं. ती सरळ बोलून गेली, "आजी, दॅट्स फ्रॉम द जार विथ द चिकन." आणि तो डबाच आणून दाखवला.

मी घरी आले तेव्हा डबा आणि बरणी टेबलावर शेजारी शेजारी. भात तसाच ताटात. आईंनी तोंड धुतलेलं, पदराला ओल होती. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, हे काय आहे, मृणाल?

किती वेळ गेला असेल? दोन श्वास. खरं सांगायला दोन श्वास पुरेसे होते.

मी म्हणाले, "लूपेने दिलं होतं. चित्र नुसतं चवीचं, व्हेज आहे म्हणाली. मला स्पॅनिश कुठे येतं?"

आईंनी डब्यावरच्या कोंबडीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्या तिले तुयशीची माय दाखवली होती. तिले समजलं होतं. मंग कावून केलं वं तिनं असं?"

तीन दिवस त्या दूध आणि केळ्यांवर राहिल्या. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, ती परत घातली नाही. अकोल्याला जाऊन नवी घेईन म्हणाल्या. सकाळचं फिरणं बंद झालं. नितीन चिडला, आत्ता जाऊन लूपेला विचारतो म्हणाला. मीच त्याला अडवलं. जाऊ दे रे, वयस्कर बाई आहे, तिचा हेतू वाईट नसेल. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा आई माझ्याकडे काय नजरेने बघत होत्या — किती मोठ्या मनाची सून आहे माझी, अशा.

लूपे तीनदा दारात आली. पहिल्यांदा लिंबं घेऊन, तिच्या झाडाची. आई आतून मला हळूच म्हणाल्या, सांग झोपलेय. लूपेने विचारलं, सेन्योरा सिक? मी हो म्हणाले. तिसऱ्यांदा आली ती नुसती उभी राहिली, माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि गेली. तिला वाटलं असेल आपलंच काहीतरी चुकलं. काय चुकलं हे तिला कालपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं. आईंनी तिकीट दीड महिना अलीकडे घेतलं. गाडीत बॅगा ठेवताना लूपे भिंतीपलीकडे उभी होती. तिने हात वर केला. आईंनी रस्त्याकडे बघत नमस्कार केला आणि गाडीत बसल्या.

त्यानंतर त्या परत आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. अकोल्याला कुणी अमेरिकेचं विचारलं की सांगतात, सगळं चांगलं आहे, फक्त तिथल्या माणसाचं मन कळत नाही. हे नणंदेने मला हसत हसत सांगितलं. मीही फोनवर हसले.

मी सूप करत राहिले, भाज्यांच्या पाण्यात. नितीनला आणि ईराला फरक कळला नाही.

आता ईरा तेरा वर्षांची आहे. शाळेत तिने स्पॅनिश घेतलंय, आणि सरावाला दर शनिवारी लूपेकडे जाते. मी नको म्हणाले होते. का नको? खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पहिल्यांदा गेली तेव्हा परत येईपर्यंत मी पायरीवर बसून होते. ती एक डिश घेऊन हसत आली. तेव्हा काही नाही. पुढच्या शनिवारी काही नाही. मला वाटायला लागलं, लूपे विसरली असेल. माणसं विसरतात.

काल शनिवार होता. ईरा आली, पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, आजी येतेय ऐकून लूपे रडली. म्हणाली, पाच वर्षं मला कळलं नाहीये की आजी का रागावली. मग ईरानेच स्वतःला माहीत होती ती गोष्ट लूपेला सांगितली, डब्याची, चिकनची. लूपे म्हणाली, डबा कुठला? मी कधी डबा दिला नाही. ईराला वाटतंय ही सगळी भाषेची गडबड आहे. शुक्रवारी आजी आली की ती दोघींना समोरासमोर बसवणार आहे आणि स्वतः ट्रान्सलेट करणार आहे. तिचा चेहरा इतका आनंदी होता. काहीतरी तुटलेलं आपण जोडणार, असा.

मी म्हणाले, जुनं आहे, कशाला उकरतेस, आजीला त्रास होईल.

तिने ग्लास विसळून ठेवला. मग अगदी सहज विचारलं, "ममा, लूपे सेज की सूप आणलं त्या दिवशी तिने तुला विचारलं होतं. अँड यू सेड ओके. डिड यू?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही गं."

"ओके," ईरा म्हणाली, आणि वर खोलीत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

मला आठवतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. पातेल्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. लूपेची बोटं माझ्या दंडावर गरम लागत होती. ती पोयो म्हणाली, आई पोयी म्हणाल्या, आणि त्या खोलीत दोन्ही शब्द समजणारी मी एकटीच होते. मी ओके म्हणाले.