दाजींचं वेगळं जाळं

दोन वस्तू एकमेकींजवळ ठेवल्या की जगातला निम्मा बिघाड सुरू होतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजी अंबरनाथला राहतात आणि आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांच्या चपात्यांचा डबा एका पिशवीत असतो आणि भाजीचा दुसऱ्या; त्या दोघांची भेट थेट कारखान्यातच होते. घरचा स्क्रू-ड्रायव्हर कारखान्यात जात नाही, कारखान्याचा घरी येत नाही. फोन दोन आहेत, एक बोलायला आणि एक बँकेचा ओटीपी यायला. दुसऱ्यावर चुकून कुणी फोन केला तर दाजी तो उचलतात, "हा बोलायचा नाही" एवढं बोलतात आणि ठेवून देतात. स्वतःच्या लग्नात पांढऱ्या कपड्यांतला हा नवरदेव स्टेजवरून उठून मंडपवाल्याकडे गेला होता. "माइक लायटिंगच्या लाइनवरून काढ, वेगळी लाइन दे." मागून आमची मावशी म्हणाली, "पोरीला नवरा केलाय का वायरमन?" पुढे पंचशील चालू असताना लायटिंगचा फ्यूज उडाला, झगमगाट गेला, पंखे थांबले, पण भंतेजींचा आवाज तसाच खणखणीत चालू राहिला. तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो हार घालताना दिसला नव्हता, असं ताई अजून म्हणते.

या वेडाचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला. कॉलेजसाठी मी त्यांच्या एका खोलीच्या घरात तीन वर्षं राहिलो. मिक्सर लागला की घरातली वीज जायची. दाजींनी मीटरपासून माझ्या कोपऱ्यापर्यंत एक स्वतंत्र वायर ओढली आणि एक दिवा लावून दिला. "घरातलं काहीही बंद पडू दे, पदवीधर बंद पडता कामा नये." मी तेव्हा नुसता बारावी पास होतो, पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी माझं नाव पदवीधर. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद आला त्यात मार्क माझे होते आणि वीज दाजींची होती, हे मी कुणालाही सांगतो.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला गेलो. बाबा गेल्यावर आई बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या तळमजल्याच्या घरात एकटीच राहिली. मध्यंतरी तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. ते तिने मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही कढईचा कान तुटल्याच्या बातमीला जोडून. मी धसकलो. घरभर कॅमेरे लावायचे आणि आई मला दिवसभर मोबाइलवर दिसली पाहिजे, असं ठरवून मी दाजींना फोन केला.

"लावू की. पण कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं राहील."

"म्हणजे?"

"अरे पदवीधर, तुमच्या आईच्या वायफायवर शेजारच्या तीन घरांचे टीव्ही चालतात. पासवर्ड सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे. त्याच जाळ्यात आईचं दार टांगायचं? उद्या कोण कुठून डोकावेल, पत्ता लागेल का?"

हे पटण्यासारखं होतं. पण दाजी पटण्यापाशी थांबत नाहीत. सामान घ्यायला आम्ही उल्हासनगरच्या बाजारात गेलो. तिथला सिंधी दुकानदार समजूतदार होता. "साईं, कॅमेरा का नेटवर्क अलग रखो, अच्छी बात है. पर मोबाइल पे देखने का एक रास्ता तो छोडो."

"रास्ता नहीं," दाजी म्हणाले.

"तो मोबाइल पे दिखेगा कैसे?"

"नहीं दिखेगा."

दुकानदाराने हळूच मला विचारलं, "भाऊ, ये चोर से डरते हैं या आपसे?"

एका रविवारी दाजींनी तीन कॅमेरे लावले: एक दारावर, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या गल्लीवर. घरात एकही नाही. मी स्वयंपाकघरात एक तरी लावा म्हणून हट्ट धरला, तेव्हा आईच म्हणाली, "मला बघायचंय तर दारातून ये. भिंतीतून कशाला बघतोस?" दाजींनी हा सुप्रीम कोर्टाचा निकाल समजून ड्रिल मशीन पेटीत ठेवलं. घरच्या वायफायची वायर निळी, कॅमेऱ्यांची पिवळी, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या. रेकॉर्डर आणि छोटा पडदा हॉलच्या कोपऱ्यात बसला. त्या जाळ्यातून बाहेरच्या जगात जायला मुंगीएवढी फट नव्हती. पहिल्याच आठवड्यात आईने पिवळ्या वायरवर पुसणं वाळत घातलं.

"आई, ही सिक्युरिटीची वायर आहे."

"मग बरंच झालं जावईबापू, पुसणं चोरीला जाणार नाही."

पुढच्या खेपेला मी गुन्हा केला. दाजी कामावर असताना मी एक निळी वायर गुपचूप रेकॉर्डरमधून वायफायच्या डब्यात खोचली आणि पुण्याची गाडी धरली. दाजींनी रेकॉर्डरला जाळ्यातला पत्ता म्हणून नेमका वायफायच्या डब्याचाच नंबर दिला होता, हे मला कुठे माहीत? जाळी वेगळी असली की ते चालतं. जोडली की एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं होतात आणि पोस्टमन चक्रावतो. आईची मालिका ऐन साखरपुड्यात अडकली आणि तीन घरांच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. दाजी कारखान्याच्या गणवेशात, दोन्ही पिशव्यांसह आले. वायर सापडली. ते ओरडले नाहीत. त्यांनी ती गुंडाळली, तिला 'पुणे' अशी चिठ्ठी लावली आणि खिळ्याला टांगली.

मीच फोनवर चिडलो. "दाजी, उद्या तिला काही झालं तर मला कळणार कसं?"

"मी जातो ना बघायला."

"रोज?"

"रेकॉर्डिंग रोज चेक करावं लागतं. पद्धत असते."

आणि खरंच, शिफ्ट सुटली की त्यांची स्कूटर आधी बदलापूरला जायची, मग घरी. पडद्यासमोर खुर्ची टाकून ते दिवसभराचं दार भराभर पळवून बघायचे आणि वहीत लिहायचे: 'सकाळी सहा, दूध घेतलं. दहा, भाजीवालीशी वाद.' एका संध्याकाळी त्यांना दिसलं की दुधाची पिशवी साडेदहापर्यंत कडीलाच लटकलेली आहे.

"आई, सकाळी काय झालं?"

"काही नाही. उशिरा जाग आली."

"पाचला उठणाऱ्या बाईला?"

दाजींनी तिला तशीच स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बराच वाढला होता. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी दुपारी फोनवर ती मला "मजेत आहे" म्हणाली होती. मोबाइलवर दार दिसलं असतं तर ती पिशवी माझ्या लक्षात आली असती का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. मी मीटिंगमध्ये होतो.

गेल्या महिन्यात मी न कळवता घरी गेलो. हॉलमधला पडदा काळा होता. दाजींची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून होती, समोर आई, मध्ये चहा. दाजी त्यांच्या सुपरवायझरची नक्कल करत होते. दाजी नक्कल करतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आई पदराने डोळे पुसत हसत होती.

"दाजी, पडदा बंद आहे."

"रेकॉर्डर गेलाय. दोन महिने झाले."

"मग दुरुस्त नाही केला?"

"पार्ट मिळत नाही," दाजी चहाकडे बघत म्हणाले. उल्हासनगरात मिळत नाही असा पार्ट अजून कुणी बनवलेला नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"राहू दे रे तसाच," आई म्हणाली. "चालू होता तेव्हा हे माझ्याकडे पाठ करून बसायचे."

दाजींनी खुर्ची थोडी सरकवली. मी स्टूल ओढून आईशेजारी बसलो. तिच्या कानामागचे केस सगळे पांढरे झाले होते. कधी झाले, मला ठाऊक नाही.